नसलेलं पान आणि नववी नोंद

२ डिसेंबर. पहाटे शाल घ्यावी इतका गारवा, दहानंतर कडक ऊन. वारा उत्तरेचा. आकाश स्वच्छ.

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या ग्रंथालयात झेरॉक्स मशीनच्या मागे तिरपे छापलेले, अर्धेच उमटलेले कागद पडत राहतात आणि एखाद्या दिवशी मशीन सरकवलं की सगळे एकदम बाहेर येतात, तसं. मी बावीस वर्षं रोज डायरी लिहिते. आधी तारीख, मग हवा, मग काय घडलं ते. काल सहज मागच्या वर्षभराची पानं चाळली, तर अर्धी वही एकाच कामाने भरलेली निघाली! म्हणून आज मशीन सरकवते.

अलिबागजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. कॉलेजला जोडून ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉक्टर शर्वरी म्हणजे रेवदंड्याच्या नाखवांची मुलगी. मागच्या वर्षी तिच्याकडे थेरोंड्याचा एक खलाशी आला. जाळ्यातून मासे काढताना शिंगाळ्याचा काटा हातात घुसलेला. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि पाकटाच्या शेपटीवर असे विषारी काटे असतात. लागला की धट्टाकट्टा माणूस मटकन खाली बसतो. या खलाशाने आधी चुना लावला, मग तंबाखू लावली, मग तीन दिवस वाट बघितली. दोन बोटं काढावी लागली.

त्या दिवसापासून शर्वरीच्या डोक्यात एकच. सोसेल इतक्या गरम पाण्यात लगेच हात बुडवला तर कळ उतरते, असं डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. बोटीवर चहाला स्टोव्ह असतोच. मग काय करायचं ते सांगणारं एक प्लास्टिकबंद कार्ड प्रत्येक बोटीवर का नको? आधी पाणी, मग लगेच दवाखाना, एवढंच त्यावर लिहायचं होतं.

ती ही मागणी घेऊन बोटवाल्यांच्या सोसायटीत गेली. सोसायटीचे चेअरमन तिचेच वडील. त्यांनी लेकीचे सगळे कागद शांतपणे उलटेसुलटे करून पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाय, ह्ये समदे कागद लांबच्या दर्याचे. आमच्या खाडीचा शिंगाळा यात कुठं हाय? इथला एक कागद दाव. दुसऱ्या दिशी कार्ड बोटीवर."

सगळे हसले. शर्वरी नाही हसली. पुढची वार्षिक सभा ३० नोव्हेंबरला होती. तोवर कागद मिळाला नाही तर आणखी एक वर्ष चुना आणि तंबाखू!

०००

शर्वरीने ठरवलं की आता जे काही करायचं ते पक्कंच करायचं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. म्हणजे एका प्रश्नावर आजवर झालेला प्रत्येक अभ्यास शोधायचा, आवडीचा नावडीचा न बघता सगळे चाळायचे, आणि सगळ्यांचं मिळून काय म्हणणं आहे ते मांडायचं. आम्ही चौघं जमलो. शर्वरी, मुरूडहून रोज एसटीने येणारी नर्सिंगची ट्यूटर परवीन, चौलचे दळवी सर, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, स्कूटरवर स्वतःची उशी बांधून येणारे, आणि मी, शोधायला.

यात एक नियम फार कडक असतो. प्रत्येक पेपर दोघांनी वेगवेगळा वाचायचा, 'घ्यायचा' की 'सोडायचा' ते आपापलं ठरवायचं, आणि एकमेकांना विचारायचं नाही. पटलं नाही तिथे तिसरा निकाल देणार. वाचणाऱ्या दोघी शर्वरी आणि परवीन. निकालाला दळवी सर.

पहिल्या आठवड्यात दोघींच्या याद्या ताडून पाहिल्या तर शंभर टक्के जुळल्या! आम्ही खूश. दळवी सर मात्र चष्मा काढून म्हणाले, "दोन माणसांचं इतकं पटत असेल तर त्यातला एक जण वाचत नाहीये."

मी दिवसभर लक्ष ठेवलं. दोघी एका टेबलाशी, तोंडातून शब्द नाही. पण परवीनला पेपर फालतू वाटला की ती नकळत 'च्च' करायची. आणि 'च्च' झालं की समोर शर्वरीचा माउस 'सोडा'वर!

परवीनला मासिकांच्या कपाटामागे बसवलं. दुसऱ्या दिवशी याद्या परत जुळल्या. ग्रंथालय शांत असतं, 'च्च' कपाटाला वळसा घालून बरोबर पोचत होता. शेवटी दळवी सरांनी खिशातून डबी काढली आणि कामाच्या वेळी परवीनने तोंडात लवंग धरून बसायचं असा हुकूम सोडला.

त्या दिवशी संध्याकाळी एकोणीस पेपरांवर दोघींचं भांडण झालं. सर हात चोळत म्हणाले, "चला, विज्ञान सुरू झालं."

०००

पाच महिन्यांनी सगळं चाळून हाती राहिले बारा अभ्यास. बारा! चांगले, नीट केलेले. पण एकही आपल्या किनाऱ्यावरचा नाही. शर्वरीने यादी दोनदा खालपासून वरपर्यंत वाचली.

मला कॉलेजात कुणी हे शिकवलेलं नाही, पण वाचून वाचून एक गोष्ट कळली होती. डेटाबेसमध्ये शब्द टाकून शोधलं की ज्याच्या अंगावर तो शब्द आहे तेवढंच सापडतं. बाकीचं सापडायचं तर पेपरचा हात धरून चालावं लागतं. मी फळ्यावर मधोमध एक चौकोन काढला. हा आपला पेपर. मागे जायचं, म्हणजे याने शेवटी कुणाकुणाचे संदर्भ दिलेत ते एकेक काढून बघायचे. पुढे जायचं, म्हणजे नंतर याचा संदर्भ कुणी कुणी दिला ते बघायचं. याला सायटेशन सर्चिंग म्हणतात, वगैरे वगैरे. मी बाण काढत होते. दळवी सरांचे डोळे मिटत होते.

परवीन लवंग गालात सरकवून म्हणाली, "ताई, ही तर सोयरीक झाली."

त्या दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीचं बघणं चालू होतं. ती म्हणाली, पोरगा कसा आहे हे पोराला विचारून कधी कळतं का? त्याची आई कुठल्या घरातून आली ते बघायचं, आणि त्याच्या बहिणी कुठल्या घरात दिल्या ते बघायचं. दोन्ही बाजूंनी फिरून आलं की घर कळलं!

मी फळा पुसला. मागच्या बाणावर 'माहेर' लिहिलं, पुढच्या बाणावर 'सासर'. एक्सेलमध्येही तेच दोन कॉलम. दळवी सरांनी दोन दिवस आक्षेप घेतला, हे शास्त्रीय काम आहे, कॉलमला धड नाव द्या म्हणून. तिसऱ्या दिवशी तेच फाटकातून स्कूटर आत घेता घेता मला ओरडून म्हणाले, "साळवीबाई, सात नंबरचं सासर राहिलंय!"

नवीन पेपर सापडला की त्याचंही माहेर-सासर करायचं, मग त्यातून येतील त्यांचं. हे थांबणार कुठे, असं शर्वरीने विचारलं. सर म्हणाले, नवं नाव येणं बंद होईल तिथे. परवीन म्हणाली, "थांबायला पायजेच. नायतर चौकशी पुरी होईस्तोवर नवरा म्हातारा."

०००

दुसऱ्याच आठवड्यात सासरच्या कॉलममधून एकदम तीन नवे अभ्यास हाती लागले! एकाच देशातले, तिन्ही वेगवेगळ्या मासिकांत, तिन्हींची शीर्षकं वेगळी. बाराचे पंधरा! शर्वरीने कॅन्टीनमधून बटाटेवडे मागवले. सरांनीसुद्धा दोन घेतले.

परवीन वडा खाता खाता वाचत होती. पहिला पेपर वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याच्या मध्यावर तिचा घास थांबला.

"हा डावखुरा आचारी परत आलाय," ती म्हणाली.

पहिल्या पेपरात एका बोटीवरचा डावखुरा आचारी होता. मासा साफ करताना पाय घसरून त्याच्यावरच पडलेला, काटा डाव्या तळव्यात. दुसऱ्या पेपरातही एक डावखुरा आचारी होता. तोही घसरलेला. तिसऱ्यातही! परवीनचं म्हणणं इतकंच की एक माणूस तीन वेळा त्याच माशावर त्याच हाताने कसा पडेल?

मग आम्ही तक्ते शेजारी ठेवून ताडले. सगळे रुग्ण तेच. लेखकाने एकच काम परत तीन ठिकाणी छापून आणलेलं, आणि मूळ काम आमच्या बारात आधीच होतं, फक्त त्यात आचाऱ्याचा किस्सा नव्हता. पंधराचे परत बारा.

मी एक्सेल दुरुस्त करून मागे वळले तेव्हा वडे संपले होते.

०००

आता नाखवांबद्दल, म्हणजे शर्वरीच्या वडिलांबद्दल, सांगायला हवं.

नाखवांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकत नाही. कायम ताठ. त्यामुळे ते 'चहा घ्या' म्हणाले तरी समोरच्याला दटावल्यासारखं वाटतं. सभेत त्यांच्याविरुद्ध फारसं कोणी बोलत नाही, त्याला हे बोटही थोडं कारण आहे.

बोटाची कथा मी त्यांच्याच तोंडून तीनदा ऐकली. मासळी घ्यायला रेवदंड्याला गेले की ओट्यावर बसवून ते सांगतात. पहिल्यांदा सांगितलं ते असं: त्यांच्या वडिलांची बोट 'सोनतारा', तीवर ते खलाशी, मोठं वादळ झालं, नांगराचा दोर बोटाभोवती आवळला, पण दोर सोडला नाही. दुसऱ्या वेळी बोट 'सोनतारा'च, वादळ मात्र काशीदसमोर, आणि बोटावर आला तो शिडाचा वासा. तिसऱ्या वेळी 'सोनतारा', वादळ नाहीच, तर मोठी मुशी, म्हणजे शार्क मासा, ओढताना तिने हिसका दिला. तिन्ही मी तारखेसकट लिहून ठेवलेत. तिसऱ्या वेळी शर्वरीची आई आतून म्हणाली, "मुशी मागच्या खेपेला येवढी मोठी नव्हती." मागच्या खेपेला मुशीच नव्हती हे मी बोलले नाही.

हे मी ग्रंथालयात सांगितलं तेव्हा परवीन हसून म्हणाली, "एक पेशंट, तीन पेपर."

०००

ऑगस्टमध्ये ती ओळ सापडली!

आमच्या बारातल्या एका अभ्यासात, अगदी शेवटी, एक वाक्य होतं. कोकण किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात काटा लागलेल्या कोळ्यांवर गरम पाण्याचा उपाय होत असे. पुढे संदर्भ क्रमांक एकतीस. शर्वरीने मला हाक मारली ती हाक नव्हतीच, नुसता खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. एकतीस नंबर बघितला. आरोग्य खात्याचं एक जुनं, कधीच बंद पडलेलं मराठी त्रैमासिक, खंड सहावा, पान चारशे बारा.

ऑनलाइन काही नाही. मग आम्ही त्या संदर्भाचं सासर काढलं. तो देणारे आणखी सहा पेपर निघाले. एकूण सात, सातही जणांचं तेच: खंड सहावा, पान चारशे बारा. सात विद्वानांनी साक्ष दिली, आता काय राहिलं? त्रैमासिकाचे बांधीव खंड मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात आहेत असं पत्र पाठवून कळलं. पावसाळ्यात मांडव्याहून लाँच बंद, म्हणून मी एसटीने पनवेलवरून गेले. साडेतीन तास. शर्वरीने दर अर्ध्या तासाला फोन केला.

खंड सहावा हातात आला. बांधणी खिळखिळी, आत झुरळांची अंडी. मी पानं मोजत शेवटाकडे गेले. तीनशे सत्तर. तीनशे ऐंशी. तीनशे नव्वद, आणि मग पुठ्ठा.

खंडात पानंच तीनशे नव्वद!

मी पुन्हा मोजली. मग शर्वरीला फोन लावला. तिने विचारलं, खंड सहावाच ना? मग दळवी सरांचा आवाज आला, त्यांनी फोन हिसकावून घेतला असणार. ते म्हणाले, "म्हणजे सात जणांनी नसलेलं पान वाचलं."

त्यांपैकी एकानेही तो कागद पाहिला नव्हता. पहिल्याने कुठूनतरी चुकीचं टिपलं आणि बाकीच्या सहांनी त्याच्यावरून उतरवून घेतलं. मी ग्रंथपाल आहे, रागावण्याचा माझा स्वभाव नाही. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत मी एकटीच पुटपुटत होते.

०००

सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. त्रैमासिकाचे बाकीचे खंड तपासायचे तर ते एकूण सोळा, त्यातले निम्मे बाइंडिंगला गेलेले. आणि मुळात त्या लेखाचं शीर्षक काय, हेच कळत नव्हतं, कारण सातांपैकी कुणीच ते दिलं नव्हतं. शर्वरी रोज बाह्यरुग्ण विभाग उरकून यायची, एक्सेल उघडायची, तेरा नंबरच्या रिकाम्या ओळीवर कर्सर ठेवायची आणि बंद करायची.

मग एक दिवस परवीन म्हणाली, "आपण माहेर कोणाचं काढलं? घेतलेल्यांचं. सोडलेल्यांचं कोण काढणार?"

दळवी सरांनी कपाळाला हात लावला. सोडलेले, पण पूर्ण वाचून मग सोडलेले, असे एकशे सहा होते. सर म्हणाले, "ज्या घरात मुलगी द्यायची नाही असं ठरलं, त्या घराची चौकशी कशाला?"

परवीन म्हणाली, "त्या घरची माणसं गावातली सगळी घरं ओळखतात, म्हणून."

सर गप्प बसले. ते गप्प बसल्याची ही माझ्या डायरीत एकमेव नोंद आहे.

आम्ही एकशे सहा वाटून घेतले. अकराव्या दिवशी, चौऱ्याऐंशी नंबरच्या पेपरात, माझं बोट एका ओळीवर थांबलं. फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीचा लेख, जखमेनंतर बोटं ताठ का होतात यावर. त्यात मासे नाहीत, गरम पाणी नाही, म्हणून दोघींनी सोडलेला. आणि संदर्भांच्या यादीत तेच त्रैमासिक! पण खंड पाचवा. पान अठ्ठ्याऐंशी. शीर्षकसुद्धा: 'किनाऱ्यावरील एका दवाखान्याच्या कामाचा वार्षिक गोषवारा'.

या शीर्षकात मासा नाही, काटा नाही, विष नाही, पाणी नाही. कुठलाही शब्द टाकून हे जन्मात सापडलं नसतं! आणि या विद्यार्थिनीने दिलेलं पान सातांपेक्षा वेगळं होतं, याचा अर्थ हिने उतरवून घेतलेलं नव्हतं. हिने ते पान स्वतः उघडलं होतं.

मी स्क्रीन परवीनकडे फिरवली. तिने लवंग गिळली.

०००

२६ नोव्हेंबर. हवा कोरडी, समुद्र शांत. मांडव्याहून पहिल्या कॅटमरान लाँचने मुंबईला गेले.

पाचवा खंड, पान अठ्ठ्याऐंशी. होतं! त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं. रेवदंड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वर्षभरात काय काय केलं त्याचा हिशेब: धनुर्वाताच्या लशी, बाळंतपणं, विहिरींत टाकलेली पावडर. आणि शेवटी एक तक्ता. 'माशाचा काटा लागलेले रुग्ण, गरम पाण्याचा उपचार.' अकरा नोंदी. नाव नाही, वय, गाव, होडीचं नाव, कुठला मासा, आणि शेवटी शेरा. बहुतेक शेरे सारखेच: 'दुखणे शमले. चालत घरी गेला.'

मी तिथेच बसून तक्ता डायरीत उतरवला, झेरॉक्स मिळणार होती तरी. नववी नोंद लिहिताना पेन थांबलं. मग पूर्ण लिहिली.

संध्याकाळी झेरॉक्स शर्वरीच्या हातात दिली. ती उभ्यानेच वाचू लागली. पहिल्या नोंदीला हसली, चौथीला तिचे डोळे भरले, नववीला तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "ही आजोबांची बोट."

मी म्हटलं, हो.

तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. दळवी सरांनी विचारलं, निकषात बसतो ना? ती म्हणाली, बसतो. सरांनी स्वतःच्या हाताने तेरावी ओळ भरली.

०००

३० नोव्हेंबर. सकाळी धुकं, नंतर ऊन. सोसायटीच्या शेडमध्ये सभा. सत्तावीस बोटींचे मालक, बरेच खलाशी, मागे सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. आम्ही तिघं शेवटच्या बाकावर.

बाकीचे ठराव झाले. मग नाखवांनी ते ताठ बोट लेकीकडे केलं. "हां बाय. इथला कागद भेटला?"

शर्वरीने भेटला म्हणून सांगितलं. आपल्याच दवाखान्यातला, त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा. शेडमध्ये कुजबुज झाली. नाखवा पुढे झुकले आणि म्हणाले, मोठ्याने वाच, समद्यांना ऐकू दे.

तिने वाचायला घेतलं. एक नंबर, वय पस्तीस, आग्राव, पाकट, दुखणे शमले, चालत घरी गेला. दोन नंबर. तीन नंबर. चार नंबरला होडीचं नाव ऐकताच पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, हा माझा दीर. लोक खुर्च्या पुढे ओढायला लागले. पाच, सहा, सात. आठ नंबर, वय बावीस, कोर्लई, शिंगाळा, दुखणे शमले, चालत घरी गेला. शर्वरीने श्वास घेतला. "दहा नंबर. वय चाळीस—"

"थांब," नाखवा म्हणाले. "आठाच्या म्होरं धा?"

तिने बोट दहाव्या ओळीवरच ठेवलं. माझ्या शेजारी दळवी सर जमिनीकडे बघत होते.

"नऊ कुठं ग्येला? वर्षभर आमचं डोकं खाल्लंस, एक पन सोडायचा नाय, एक पन सोडायचा नाय. वाच नऊ."

शर्वरीने एकदा आमच्याकडे पाहिलं. मग कागद दोन्ही हातांत धरला आणि नऊ नंबर वाचला, त्याच आवाजात, आधीचे आठ वाचले तसाच.

"वय एकोणीस. रेवदंडा. होडी सोनतारा. शिंगाळा, उजव्या हाताची तर्जनी. गरम पाण्यात हात घालण्यास नकार. पातेले लाथेने उलथवून खिडकीवाटे पळून गेला. चार महिन्यांनी बाजारात दिसला, बोट ताठ."

सत्तावीस मालकांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग चेअरमनच्या उजव्या हाताकडे. नाखवांनीही आपल्या हाताकडे पाहिलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

मग ते म्हणाले, "खिडकी नाय. मागचं दार होतं."

आणि लेकीला म्हणाले, "धा वाच."

१ डिसेंबर, माझ्या डायरीतली नोंद: समाविष्ट अभ्यास तेरा. बोटी सत्तावीस, कार्डं लागली सत्तावीस. नोंद क्रमांक नऊमध्ये दुरुस्ती: 'खिडकीवाटे' ऐवजी 'मागच्या दाराने'. माहिती देणार: रुग्ण स्वतः.